मका आला, चुना मागे राहिला

पानाला लावायचा चुना तुम्ही पाहिलेला आहे. त्या चुन्याच्या पाण्यात धान्य शिजवून त्याची भाकरी करायची, असे घरी सांगितलेत तर आजी नक्कीच डोळे वटारील. परंतु अर्धी पृथ्वी ओलांडून गेल्यावर लागणाऱ्या मेक्सिको देशात निदान तीन हजार वर्षे हेच चालत आले आहे. तेथील गृहिणी मक्याचे दाणे चुन्यात शिजवते, रात्रभर तसेच ठेवते, सकाळी धुऊन वाटते आणि त्या वाटणाच्या पातळ भाकऱ्या तव्यावर भाजते. या भाकरीला तोर्तिया म्हणतात.

या लेखात आपण मेक्सिकोतील एक साधे रात्रीचे जेवण घरी करणार आहोत. मक्याची तोर्तिया, शिजवलेला घेवडा, भाजलेल्या टोमॅटोची चटणी आणि थोडा लाल भोपळा, एवढाच बेत आहे. चार-पाच माणसांना तो पुरतो आणि त्यासाठी लागणारी एकही वस्तू परदेशातून आणावी लागत नाही. मात्र सुरुवात आदल्या रात्री करावी लागते. आणि मका भिजत असेल तेवढ्या वेळात एक गोष्टही ऐकायची आहे. चुन्याची ही एक पायरी गाळल्यामुळे लाखो माणसे कशी आजारी पडली, त्याची ती गोष्ट आहे.

आदल्या रात्री

अर्धा किलो वाळलेला मका घ्या. पांढरा किंवा पिवळा कोणताही चालेल, पण लाह्यांचा मका नको आणि कोवळी कणसेही नकोत. एक गोष्ट फार महत्त्वाची. पेरणीसाठी पिशवीतून येणारे बियाणे मुळीच वापरू नका. त्याला बुरशीनाशक औषध चोळलेले असते. खाण्यासाठी विकला जाणारा मकाच किराणा दुकानातून आणा.

चुना पानाच्या दुकानात मिळणारा, खाण्याचाच हवा. भिंतीला लावायचा चुना नको. ओला चुना असेल तर दोन लहान चमचे पुरे होतो. दीड लिटर पाण्यात तो ढवळा आणि त्यात निवडून धुतलेला मका टाका. हे काम करताना घरातील मोठे माणूस जवळ असू द्या. चुना डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते. तसे झालेच तर भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा सतत धुवत राहावे आणि ताबडतोब डॉक्टरांकडे जावे. ढवळायला लांब दांड्याची पळी घ्या, हात घालू नका.

आता पातेल्याविषयी. पातेले स्टेनलेस स्टीलचे घ्या, ॲल्युमिनियमचे घेऊ नका. मी पहिल्या खेपेस हाताला लागले ते ॲल्युमिनियमचे पातेले चुलीवर चढवले होते. थोड्याच वेळात त्याच्या कडेने बारीक बुडबुडे येऊ लागले आणि पातेले आतून काळपट पडले. ते बुडबुडे हायड्रोजनचे होते. ॲल्युमिनियम हा धातू अम्लात विरघळतो हे तुम्ही शिकला आहात. तो अल्कातही विरघळतो, हे त्या दिवशी माझ्या पातेल्याने मला शिकवले. तो मका अर्थातच फेकून द्यावा लागला.

पाणी उकळू लागले की आच मंद करा आणि अर्धा-पाऊण तास शिजू द्या. दाण्यांचा रंग गडद होईल आणि घरभर एक वेगळाच, ओल्या मातीसारखा वास सुटेल. एक दाणा पळीने बाहेर काढून धुवा आणि बोटांत चोळा. साल निसटून आली की गॅस बंद करा. दाणा आत अजून कच्चाच असतो आणि तो तसाच असायला हवा. झाकण ठेवून पातेले सकाळपर्यंत तसेच राहू द्या.

येथे कोणी विचारील, चुना जास्त घातला तर काम लवकर होईल काय? होणार नाही. कॅल्शियम हायड्रॉक्साइड पाण्यात फारच थोडे विरघळते. साध्या तापमानाला एक लिटर पाण्यात ते जेमतेम पावणेदोन ग्रॅम विरघळते, आणि गंमत अशी की पाणी तापवले तर त्याहूनही कमी! साखर-मिठाच्या उलट ही तऱ्हा आहे. उरलेला चुना तळाशी गाळ होऊन बसतो. दाणे विरघळलेला चुना शोषून घेतात तसतसा तळचा चुना पाण्यात उतरतो. म्हणजे जादा चुन्याने पाण्याचा तिखटपणा वाढत नाही, भाकरी मात्र कडवट होते.

मका भिजतो आहे तोवर

मक्याचे मूळ घर मेक्सिको. तेथील लोकांनी हजारो वर्षे निवड करीत करीत एका गवताचे हे कणीस केले. चुन्यात शिजवलेल्या मक्याला तेथे निक्स्तामाल म्हणतात. नावात्ल नावाच्या तेथील जुन्या भाषेतील हा शब्द आहे, आणि त्यातील पहिल्या भागाचा अर्थ राख असा होतो. चुना नसेल तेथे लाकडाची राख वापरीत. उत्तरेकडे, आजच्या अमेरिकेच्या प्रदेशात राहणारे होपी आणि चेरोकी लोकही मका राखेच्या पाण्यातच शिजवीत. राखेत पोटॅशियमचे क्षार असतात आणि तिचे पाणीही अल्कधर्मी होते, हे आपल्याकडे पूर्वी भांडी राखेने घासणाऱ्या पिढीला वेगळे सांगायला नको.

१४९२ साली कोलंबस अमेरिकेला पोहोचला आणि लवकरच मका युरोपात आला. कमी मेहनतीत भरपूर पिकणारे धान्य, म्हणून स्पेन, इटली आणि पुढे पूर्व युरोप येथील गरीब शेतकऱ्यांनी ते उचलले. जहाजातून दाणे आले, पण कृती आली नाही. जहाजावरच्या शिपायांना आणि व्यापाऱ्यांना मेक्सिकोच्या बायका रात्री पातेल्यात काय घालतात याची चौकशी करावीशी वाटली नसावी, असे मला वाटते. शिवाय युरोपात पाणचक्क्या होत्या. दाणा कितीही कठीण असो, चक्कीत घातला की पीठ. मग चुन्याची उठाठेव कशाला?

१७३५ साली स्पेनच्या अस्तुरियास प्रांतात गास्पार कासाल नावाच्या डॉक्टराने एका नव्या रोगाची नोंद केली. रोग्याच्या हातापायांची आणि मानेची, म्हणजे उन्हात उघडी राहणारी कातडी लाल होऊन खरबरीत होई आणि तिला भेगा पडत. मानेभोवती तर लाल गळपट्टा घातल्यासारखा डाग उमटे. पुढे जुलाब लागत, माणूस भ्रमिष्ट होई आणि अखेर मरण येई. रोगी सारे गरीब होते आणि त्यांचे मुख्य अन्न मका होते, हेही कासालने लिहून ठेवले. १७७१ साली इटलीतील फ्रापोली या डॉक्टराने या रोगाला तेथील शेतकऱ्यांच्या बोलीतले नाव दिले, पेलाग्रा, म्हणजे खरबरीत कातडी.

विसाव्या शतकाच्या आरंभी हा रोग अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत वणव्यासारखा पसरला. कापसाच्या मळ्यांवर राबणारी गरीब कुटुंबे मक्याचे पीठ, डुकराची चरबी आणि काकवी यांवर दिवस काढीत होती. हा संसर्गजन्य रोग आहे असे बहुतेक डॉक्टरांचे मत होते. १९१४ साली सरकारने जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टरकडे तपास सोपवला. अनाथालये आणि वेड्यांची इस्पितळे पाहत हिंडताना त्यांच्या ध्यानात एक साधी गोष्ट आली. तेथे राहणाऱ्या मुलांना आणि रोग्यांना पेलाग्रा होतो, पण त्यांच्यात रात्रंदिवस वावरणाऱ्या परिचारकांना होत नाही. जंतू असे माणूस पाहून निवड कसे करतील? फरक होता तो ताटात.

मग त्यांनी मिसिसिपी राज्यातील दोन अनाथालयांत मुलांना दूध, अंडी, मांस आणि शेंगवर्गीय धान्ये द्यायला सुरुवात केली. पेलाग्रा नाहीसा झाला. १९१५ साली त्यांनी उलटा प्रयोग केला. शिक्षेत माफी मिळण्याच्या अटीवर तयार झालेल्या काही कैद्यांना त्यांनी मुख्यतः मक्याच्या अन्नावर ठेवले. आहार पुरा केलेल्या अकरांपैकी सहाजणांत काही महिन्यांनी पेलाग्राची लक्षणे दिसली. (कैद्यांवर असा प्रयोग करणे आज कोणत्याही देशात योग्य मानले जाणार नाही, आणि तेही बरोबरच आहे.) तरीही लोकांना पटेना, तेव्हा १९१६ साली गोल्डबर्गर, त्यांची पत्नी आणि सहकारी यांनी पेलाग्राच्या रोग्यांचे रक्त स्वतःला टोचून घेतले, रोग्यांच्या त्वचेचे पापुद्रे आणि विष्ठा यांच्या गोळ्या काहींनी गिळल्या. त्यांपैकी कोणालाही पेलाग्रा झाला नाही.

अन्नात नेमके काय कमी पडते, ते मात्र त्यांच्या हयातीत कळले नाही. १९२९ साली ते वारले. १९३७ साली कॉनरॅड एल्वेहेम यांनी दाखवून दिले, की कुत्र्यांना होणारा पेलाग्रासारखाच रोग निकोटिनिक अम्लाने बरा होतो. यालाच आपण नायसिन किंवा जीवनसत्त्व ब-३ म्हणतो. लवकरच माणसेही त्याने बरी होऊ लागली.

मक्याचे कोडे

येथे गोष्ट संपायला हवी होती, पण संपली नाही. रसायनशास्त्रज्ञांनी मक्याचे पृथक्करण केले तेव्हा त्यात नायसिन सापडले! सडलेल्या तांदळात असते त्याहून ते कमी नव्हते. मग भात खाणाऱ्याला पेलाग्रा होत नाही आणि मका खाणाऱ्याला का होतो? आणि मक्याच्या माहेरघरी, मेक्सिकोत, हा रोग जवळजवळ का आढळत नाही?

उत्तर असे. मक्यातील बहुतेक नायसिन सुटे नसते. ते मोठ्या कर्बोदकांच्या रेणूंना रासायनिक बंधाने जखडलेले असते, आणि आपल्या पोटातील पाचकरसांना तो बंध तोडता येत नाही. तिजोरीत पैसे आहेत, किल्ली नाही, असा प्रकार. हा बंध एस्टर जातीचा आहे. एस्टर अल्काबरोबर तापवले म्हणजे काय होते? साबण तयार करण्याच्या प्रयोगात तुम्ही हे पाहिले असेल. तेलाचे एस्टर कॉस्टिक सोड्याने तुटतात आणि साबण होतो. तुमच्या पातेल्यात चुन्याचे पाणी मक्यातील एस्टर असेच तोडते आणि नायसिन मोकळे होते.

दुसरी किल्ली घेवड्यात आहे. आपले शरीर ट्रिप्टोफॅन नावाच्या ॲमिनो अम्लापासून स्वतःही नायसिन तयार करते. सुमारे ६० मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅनपासून एक मिलिग्रॅम. मक्याच्या प्रथिनांत ट्रिप्टोफॅन फार थोडे असते आणि लायसिनही कमीच. घेवड्यात ही दोन्ही आहेत. उलट घेवड्यात मेथिओनिन कमी, ते मक्यात बरे असते. वरण-भात किंवा भाकरी-पिठले खाताना आपण हाच जमाखर्च जुळवत असतो. मेक्सिकोचा शेतकरी तर मका, घेवडा आणि भोपळा शेतातही एकत्रच लावतो. मक्याच्या ताटाला धरून घेवड्याचा वेल चढतो, त्याच्या मुळांवरील गाठींतील जंतू नायट्रोजन जमिनीत आणतात आणि भोपळ्याची रुंद पाने जमीन झाकून ओल धरून ठेवतात. या मिश्र शेताला मिल्पा म्हणतात.

हा सारा प्रकार दूर कोठेतरी घडला असे समजू नका. दख्खनच्या पठारावर अगदी गरीब, जवळजवळ केवळ ज्वारीवर राहणाऱ्या लोकांतही पेलाग्रा आढळत असे. हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेतील डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० साली त्यावर लिहिले. ज्वारीत ल्यूसिन हे ॲमिनो अम्ल जास्त असते आणि ते नायसिनच्या कामात अडथळा आणते, असे त्यांचे म्हणणे होते. त्यावर पुढे बराच वाद झाला. म्हणून भाकरी सोडण्याचे कारण नाही. ज्या ताटात ज्वारीच्या भाकरीबरोबर डाळ, पालेभाजी आणि शेंगदाण्याची चटणी आहे, त्या ताटाला ही भीती नाही. शेंगदाण्यात तर नायसिन भरपूर असते.

सकाळची कामे

सकाळी पातेल्यातील पिवळे, बुळबुळीत पाणी एका वाडग्यात थोडे काढून ठेवा आणि बाकीचे टाका. दाणे रोळीत घेऊन भरपूर पाण्याखाली दोन्ही हातांनी चोळा. सालींचा लगदा होऊन वाहून जाईल. साल ज्या हेमिसेल्युलोजने घट्ट जोडलेली असते ते चुन्याने सुटते. कोहळ्याचा पेठा करताना मात्र हाच चुना फोडींना कडक करतो, कारण तेथे त्यातील कॅल्शियम फळातील पेक्टिनचे धागे एकमेकांना बांधते. एकाच पदार्थाची दोन कामे!

धुणे पुरे झाले की नाही हे ओळखायला हळदीचा कागद करा. हळद पाण्यात कालवून टिपकागदाला लावा आणि वाळवा. वाडग्यातील पाण्याचा थेंब पडताच कागद लालभडक होईल. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या धुण्याचे थेंबही शेजारी शेजारी टाकून पाहा. लाली फिकी पडत जाईल. शिक्षकांना सांगावेसे वाटते, की हा प्रयोग वर्गात पाच मिनिटांत होतो आणि मुले तो विसरत नाहीत.

आता दाणे वाटायचे. मेक्सिकोत यासाठी तीन पायांचा उतरता दगडी पाटा असतो. त्याला मेताते म्हणतात आणि बाई गुडघ्यांवर बसून वरवंट्याने त्यावर वाटते. आपण पाटा-वरवंटा किंवा मिक्सर वापरू. पाणी अगदी बेताने, लागेल तसे शिंपडावे. वाटण मऊ, न चिकटणारे, मुठीत दाबले तर न फाटणारे झाले पाहिजे. याला मासा म्हणतात. आपल्या मत्स्याहारी मंडळींनी फसू नये!

थोडे साधे मक्याचे पीठ गार पाण्यात भिजवून शेजारी ठेवा आणि दोन्ही गोळे थापून पाहा. साध्या पिठाला कडेने चिरा जातात. मक्यात गव्हासारखे चिवट ग्लुटेन नसते. म्हणून तर आपल्याकडे मक्याच्या किंवा तांदळाच्या भाकरीचे पीठ गरम पाण्यात मळतात. उष्णतेने पिष्ट फुगून चिकट होते. माशामध्ये हे काम रात्रीच्या शिजण्याने झालेले असते, आणि विरघळलेल्या सालीचा डिंकही थोडी मदत करतो.

जेवण

घेवडा किंवा राजमा पाव किलो घ्या. साताऱ्याकडचा वाघ्या घेवडा मिळाला तर फारच उत्तम. तोही मूळचा अमेरिकेचाच पाहुणा. रात्रभर भिजवा, ते पाणी टाकून द्या आणि नव्या पाण्यात कुकरमध्ये मऊ शिजवा. मंद आचेवर कोमट पाण्यात तासन्‌तास ठेवण्याची चूक करू नका. कच्च्या राजम्यात रक्तपेशींच्या गुठळ्या करणारे एक विषारी प्रथिन असते. चांगली दहा मिनिटे खळखळून उकळले तर ते नष्ट होते. नाहीतर अर्धवट शिजलेल्या मूठभर दाण्यांनीही वांत्या होतात. शिजल्यावर चिरलेला कांदा, लसूण आणि मीठ घालून आणखी थोडा वेळ उकळा. टोमॅटो त्यात आधी घालू नका. त्याच्या अम्लामुळे दाणे मऊ होत नाहीत.

चार टोमॅटो, दोन हिरव्या मिरच्या, एक कांदा आणि तीन-चार लसूणपाकळ्या तव्यावर काळे डाग पडेपर्यंत भाजा आणि मीठ घालून जाडसर वाटा. वर कोथिंबीर आणि लिंबू. यात टोमॅटो व मिरची मेक्सिकोची. कांदा, लसूण, कोथिंबीर आणि लिंबू जहाजांनी तिकडे नेलेले. भोपळ्याच्या फोडी मीठ लावून वाफवून घ्या.

शेवटी तोर्तिया, कारण त्या गरमच खायच्या. लिंबाएवढा गोळा प्लॅस्टिकच्या दोन तुकड्यांत ठेवून सपाट बुडाच्या ताटलीने दाबा. तवा चांगला तापलेला हवा, तेल नको. पहिली बाजू अर्धा मिनिट, दुसरी एक मिनिट, मग पुन्हा पहिली. तिसऱ्यांदा उलटल्यावर मध्ये बोटांनी हलके दाबा. दोन्ही पापुद्रे बंद झालेले असतात, आत वाफ कोंडते आणि तोर्तिया फुलक्यासारखी फुगते. पहिल्या दोन-तीन फुगत नाहीत, त्याने नाराज होऊ नका; वाटण कोरडे वाटले तर पाण्याचा हात लावा. भाजलेल्या तोर्तिया फडक्यात गुंडाळून ठेवा, म्हणजे मऊ राहतात. पंचवीस-तीस सहज होतील.

ताटात वाढताना तोर्तिया हातावर घ्यायची, तिच्यात घेवडा, भोपळ्याची फोड आणि चटणी घालायची, दुमडायची आणि खायची. चमचा लागत नाही. उरलेल्या तोर्तिया दुसऱ्या दिवशी वातड होतात. त्यांचे त्रिकोणी तुकडे करून कुरकुरीत तळा आणि उरलेल्या चटणीत दोन मिनिटे शिजवा. मेक्सिकोत ही सकाळची न्याहारी असते, आणि तिला चिलाकिलेस म्हणतात.